बालसंधिवाताच्या संघटनेचे सभासदत्व: घ्यावे की थांबावे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या बालरोगतज्ज्ञ भगिनींचे हे पत्र आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव दिलेले नाही. साडेचार वर्षांच्या एका मुलीचा गुडघा दोन महिने सुजलेला होता. आधी मुरगळला असेल म्हणून पट्टा बांधला गेला. मग रक्तात एएसओ (स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गाची खूण) वाढलेला दिसला, तेव्हा ऱ्हुमॅटिक फीवर, म्हणजे त्या संसर्गानंतर सांधे आणि हृदयाला त्रास देणारा आजार, समजून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले. पत्रलेखिकेला शंका आली आणि त्यांनी मुलीला मुंबईला पाठवले. तेथे ज्युवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस (जेआयए), म्हणजे मुलांमधला कारण न सापडणारा संधिवात, असे निदान झाले. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध सुरू झाल्यापासून मुलगी पुन्हा धावू लागली आहे आणि मधल्या तपासण्या पत्रलेखिकाच करतात. हे कळल्यावर आसपासचे डॉक्टर सांधे दुखणारी मुले त्यांच्याकडे पाठवू लागले. मुंबईच्या तज्ज्ञांनी त्यांना बालसंधिवाताच्या संघटनेचे सभासद व्हा, असे सुचवले आहे. त्या लिहितात: “माझ्याकडे डीएम ही उपशाखेची पदवी नाही, फेलोशिप नाही. अशी मुले वर्षाला चार-पाच येतात. सभासद झाले तर इथले सहकारी म्हणतील, ही आता संधिवाततज्ज्ञ म्हणवून घेणार. यजमान म्हणतात, आयएपीची (इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची) आजीव सभासद आहेसच, आणखी एक प्रमाणपत्र भिंतीवर कशाला? आणि व्हायचेच तर भारतातल्या संघटनेत व्हावे की थेट युरोपातल्या? मी पात्र तरी आहे का?”

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यावर उभे आहेत. व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व म्हणजे तज्ज्ञ असल्याची पावती, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तुमचे सहकारीही तसेच समजतील, अशी तुम्हाला भीती वाटते. पण या दोन गोष्टी आपल्याकडच्या नियमांनीच वेगळ्या ठेवल्या आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या आचारसंहितेत एका कलमात म्हटले आहे की, व्यवसायाच्या उन्नतीसाठी डॉक्टरने वैद्यकीय संघटनांशी संलग्न व्हावे आणि त्यांच्या कामात सक्रिय भाग घ्यावा. त्याच आचारसंहितेत दुसऱ्या ठिकाणी असेही सांगितले आहे की, त्या शाखेची विशेष पदवी नसताना कोणी स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये. याचा अर्थ असा की सभासद होणे तुमच्याकडून अपेक्षितच आहे, आणि पाटीवर ‘बालसंधिवाततज्ज्ञ’ असे लिहिणे तुम्हाला मुळातच शक्य नाही. पाटीवर आणि प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर आज जे आहे तेच राहू द्या. चार महिन्यांनंतरही तिथे काही बदललेले नाही, हे पाहिल्यावर सहकाऱ्यांच्या मनातली शंका आपोआप विरेल. तरीही कोणी बोललेच, तर त्यांना सरळ सांगा की, मी शिकण्यासाठी गेले आहे आणि तुम्हाला अडलेले मूल असेल तर माझ्यामार्फत विचारता येईल.

आता ‘वर्षाला चार-पाच मुले’ या आकड्याकडे पाहू. ही निदान झालेली किंवा किमान तुमच्या नजरेस आलेली मुले आहेत. तुमच्याकडे आलेली ती मुलगी तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी दोन दारांवरून परत गेली होती, हे तुम्हीच लिहिले आहे. बालसंधिवातात हे नेहमी घडते आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. लहान मूल ‘माझा सांधा दुखतो’ असे सांगत नाही. ते मांडी घालून बसायचे टाळते, शौचाला उकिडवे बसताना रडते, सकाळी उठल्यावर आईच्या कडेवरून उतरत नाही. दुपारी तेच मूल अंगणात खेळताना दिसते, म्हणून घरच्यांना ते नाटक वाटते. संध्याकाळच्या ओपीडीत त्याला आणले, तर तोपर्यंत सांध्याचा ताठरपणा बराच ओसरलेला असतो. त्यात ‘संधिवात म्हातारपणी होतो’ हा समज घराघरांत पक्का आहे. आजी आंबट बंद करते, कोणी मोहरीच्या तेलाने चोळायला सांगते, आणि आठवडे निघून जातात.

डॉक्टरांच्या बाजूने एएसओचा आकडा सर्वात जास्त फसवतो. वाढलेला एएसओ एवढेच सांगतो की मागे कधीतरी स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेला. आपल्या शाळकरी मुलांमध्ये ते इतके सर्रास आढळते की त्यावरून सांध्याचे निदान करता येत नाही. ऱ्हुमॅटिक फीवरमधला सांधा बहुधा काही दिवसांत एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो आणि ॲस्पिरिन किंवा नॅप्रोक्सेनने झपाट्याने शांत होतो. एकच गुडघा सहा आठवडे सुजून राहणे हे त्याचे लक्षण नव्हे. जेआयएची व्याख्याच मुळी सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरे कारण न सापडलेला संधिदाह अशी आहे. मात्र आधीच सुरू असलेले पेनिसिलिन कोणत्याही वाचकाने हे वाचून परस्पर थांबवू नये. हृदयाची तपासणी आणि तज्ज्ञांशी बोलणे झाल्यावरच तो निर्णय घ्यावा.

हे इतके सविस्तर लिहिले, कारण संघटनेला तुमची गरज का आहे हे त्यातून कळते. या आजारांचे उपचार मोठ्या केंद्रांत होतात, पण त्यांची ओळख तुमच्यासारख्यांच्या ओपीडीत पटते किंवा हुकते. कावासाकी आजाराचे, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना दाह होणाऱ्या आजाराचे, उदाहरण घ्या. टोकियोच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी 1967 साली त्याचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पाच दिवस किंवा त्याहून जास्त ताप, चिपडाशिवाय लाल डोळे, फुटलेले ओठ, पुरळ, हातापायांची सूज अशी लक्षणे असतात. उपचार झाला नाही तर साधारण चौघांपैकी एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगवटा येतो. ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचे औषध) दिले, किलोमागे दोन ग्रॅम या प्रमाणात, तर तो धोका पाच टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्या दहा दिवसांतले पहिले सहा-सात दिवस मूल तुमच्याच शहरात असते. मुंबईतल्या कितीही निष्णात माणसाला ते दिवस परत आणता येत नाहीत. केवळ डीएम झालेल्यांनीच सभासद व्हायचे असे ठरवले, तर या सुरुवातीच्या दिवसांचा अनुभव संघटनेच्या चर्चेत कधी येणारच नाही. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत या विषयाचा डीएम अभ्यासक्रम आहे, पण देशभर मिळून अशा जागा फार थोड्या आहेत. त्या भरून मराठवाड्यापर्यंत माणसे पोहोचण्याची वाट पाहण्याइतका वेळ या मुलांकडे नाही.

म्हणून माझा कल स्पष्ट आहे. तुम्ही सभासद व्हा. अर्ज करताना तुमच्यासारख्या सर्वसाधारण बालरोगतज्ज्ञांसाठी कोणता वर्ग आहे, त्यात मतदानाचा अधिकार आहे का आणि सूचक-अनुमोदक लागतात का, हे वाचून घ्या. मुंबईचे तज्ज्ञ सूचक म्हणून सही करतील, याबद्दल मला शंका वाटत नाही.

तुमच्या यजमानांचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. वर्गणी भरायची, प्रमाणपत्राला चौकट करायची आणि ईमेल न उघडता पुसून टाकायच्या, अशा सभासदत्वाचा मुलांना काही उपयोग नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी तुम्हाला संघटनेकडून नेमके काय हवे आहे, हे एका कागदावर लिहून पाहा. तुमच्या पत्रावरून मला वाटते की तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: अडलेल्या वेळी विचारता येईल असा माणूस, हात बसेल असे प्रशिक्षण, आणि आपण एकट्या नाही हा दिलासा. पहिल्या दोन गोष्टींसाठी सभासदत्वाने दार उघडते, पण आत जाऊन बसावे तुम्हालाच लागते. महिन्याच्या ऑनलाइन रुग्णचर्चेला हजर राहणे, वर्षातून एखादे तरी मूल तिथे मांडणे आणि मार्गदर्शक सूचना आल्या की त्या ओपीडीत लावून पाहणे, इतके जमणार असेल तर वर्गणी सार्थकी लागेल. यंदा घरातल्या अडचणींमुळे तेही शक्य नसेल, तर एक वर्ष थांबण्यात काही कमीपणा नाही.

दवाखाना बंद ठेवण्याचा प्रश्नही खरा आहे. दर परिषदेला जाण्याची गरज नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे तीस क्रेडिट आपल्याला मिळवावेच लागतात. आज ते जवळच्या हॉटेलात होणाऱ्या कुठल्याही विषयाच्या व्याख्यानांतून गोळा होतात. त्यांतले काही या विषयाकडे वळवा, म्हणजे वेगळा वेळ काढल्यासारखे होणार नाही. परिषदेपेक्षाही मी एका गोष्टीला जास्त महत्त्व देईन. ज्या केंद्रात तुमची रुग्ण जाते, तिथे परवानगी घेऊन काही दिवस ओपीडीत बसा. सुजलेला सांधा आणि भरलेला सांधा यांतला फरक बोटांना कळावा लागतो आणि तो स्लाइड पाहून कळत नाही. घोट्याच्या मागची सूज किंवा जबड्याची वाढ खुंटल्याने लहान राहिलेली हनुवटी एकदा कोणी दाखवला की पुढे नजर चुकत नाही.

भारतातली संघटना की युरोपातली, याचे माझे उत्तर असे आहे की आधी भारतातली. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या तुम्ही सभासद आहातच. 1963 साली स्थापन झालेल्या या संस्थेत उपशाखांचे स्वतंत्र विभाग चालतात आणि बालसंधिवातात रस असलेले आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ तिथूनच एकत्र येत गेले. आजीव सभासदत्वात उपशाखेचे सभासदत्व आपोआप येते, असे समजू नका. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. यजमानांच्या आक्षेपाचे निम्मे उत्तर यातच आहे. प्रौढांच्या संधिवाततज्ज्ञांची इंडियन ऱ्हुमॅटॉलॉजी असोसिएशनही आहे. तुमच्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या मोठ्या शहरात प्रौढांचे संधिवाततज्ज्ञ असतील, तर त्यांच्याशी ओळख करून घेणे फार मोलाचे ठरेल, कारण तुमची ही मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर कोणाकडे जाणार, हा प्रश्न कधीतरी येणारच आहे.

युरोपातल्या पेडियाट्रिक ऱ्हुमॅटॉलॉजी युरोपियन सोसायटीचे, म्हणजे प्रेसचे, काम मोठे आहे. तिची वार्षिक परिषद 2022 साली प्रागला, 2023 साली रॉटरडॅमला आणि 2024 साली गोथेनबर्गला झाली. व्हिसा, विमान आणि युरोमधली नोंदणी यांचा हिशेब केला तर जिल्ह्याच्या दवाखान्यातून दरवर्षी तिकडे जाणे व्यवहार्य नाही. पण तिच्या कामाचा बराचसा लाभ सभासद न होताही मिळतो. तिचे अधिकृत नियतकालिक ‘पेडियाट्रिक ऱ्हुमॅटॉलॉजी’ इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येते. इटलीतल्या जेनोवा येथून 1996 पासून चालणारी प्रिंटो ही संशोधन-संघटना पालकांसाठी या आजारांची माहिती अनेक भाषांत उपलब्ध करून देते. पुढे तुम्हाला संशोधनात भाग घ्यावासा वाटला, तर प्रेसमध्ये तरुण डॉक्टरांसाठी इमर्ज नावाचा गट आहे, तेव्हा त्याचा विचार करता येईल. मात्र तिकडच्या मार्गदर्शक सूचना वाचताना हेही लक्षात ठेवा की त्या लिहिणाऱ्यांच्या ओपीडीत क्षयरोग क्वचित येतो. आपल्याकडे एकच सांधा सुजला असेल तर क्षयाचा विचार आधी करावा लागतो. बायोलॉजिक औषध (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारे) सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी टाळता येत नाही. हे भान देणारी चर्चा भारतातल्याच मंचावर होते, आणि आधी इथे सभासद व्हा असे मी म्हणते त्याचे मुख्य कारण हेच आहे.

अर्जाचे उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. पीगॅल्स ही सांध्यांची धावती तपासणी शिकून घ्या. न्यूकॅसलच्या प्राध्यापिका हेलन फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ती शाळकरी मुलांसाठी तयार केली आणि 2006 साली प्रसिद्ध केली. तिला साधारण दोन मिनिटे लागतात आणि कोणतेही उपकरण लागत नाही. मुलाला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला सांगायचे. नमस्कारासारखे तळवे जुळवून कोपरे वर उचलायला लावायचे, मग हातांच्या पाठी एकमेकींना लावायच्या. कान खांद्याला टेकवायला, छताकडे पाहायला सांगायचे. तोंड उघडून स्वतःचीच तीन बोटे उभी आत जातात का, हे पाहायचे. नमस्कार आपल्या मुलांना शिकवावा लागत नाही. त्यात एखाद्या मनगटाचा तळवा दुसऱ्यापासून दूर राहिला, तर ते पालकांनाही समोर दिसते आणि पुढचे समजावणे सोपे जाते. तापाने आलेल्या, लंगडणाऱ्या किंवा ‘हल्ली सुस्त असतो’ अशा तक्रारीच्या प्रत्येक मुलावर ती करत राहा. रात्री झोपेतून उठवणारी हाडांची वेदना, रक्तातल्या उतरलेल्या पेशी, वजन घटणे यांपैकी काही दिसले, तर रक्ताच्या कर्करोगाची शक्यता पूर्ण तपासल्याशिवाय स्टिरॉइडची एकही गोळी देऊ नका. स्टिरॉइडने तो आजार काही काळ झाकला जातो आणि निदान अवघड होऊन बसते.

मेथोट्रेक्सेटबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते, कारण मधला पाठपुरावा तुमच्याकडे आहे. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ते चुकून रोज घेतले गेल्याने जीव धोक्यात येतो. प्रिस्क्रिप्शनवर ‘फक्त रविवारी’ असे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा, फॉलिक ॲसिडचा वार वेगळा लिहा आणि औषध दुकानदाराकडून पाकीट आणून दाखवायला सांगा. तुमच्या पत्रात मुलीच्या डोळ्यांच्या तपासणीचा उल्लेख नाही. ती झाली असेलच, पण नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. लहान वयात सुरू झालेल्या, मोजक्या सांध्यांच्या जेआयएमध्ये, विशेषतः रक्ताची एएनए ही तपासणी पॉझिटिव्ह असेल तर, डोळ्याच्या आत दाह होतो आणि तो बाहेरून काहीच दाखवत नाही. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि दृष्टी जाऊ लागते. अशा मुलांची स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, दर तीन महिन्यांनी तपासणी करतात. गुडघा बरा झाला तरी ती सुरूच ठेवावी लागते, हे पालकांना वारंवार सांगावे लागते.

सभासद झाल्यावर दोन बाबतींत सावध राहायला हवे. पहिली बाब छायाचित्रांची आहे. अडलेल्या मुलाचा फोटो आणि रिपोर्ट डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून मत विचारण्याची सवय आता सर्वत्र आहे. त्यातून चांगले सल्लेही मिळतात. तरी पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय आणि चेहरा, नाव, रिपोर्टवरचा नोंदणी क्रमांक झाकल्याशिवाय काहीही पाठवू नका. छोट्या गावात एका फोटोवरून मुलीची ओळख पटते, आणि तिचे लग्न जमण्याच्या वेळेपर्यंत लोक ते लक्षात ठेवतात. दुसरी बाब औषध कंपन्यांची आहे. या शाखेतली बायोलॉजिक औषधे महाग आहेत आणि परिषदेचा खर्च उचलण्याची तयारी कोणीतरी दाखवेलच. आचारसंहितेत 2009 साली झालेल्या दुरुस्तीनुसार कंपनीकडून प्रवास किंवा पाहुणचार स्वीकारण्यास मनाई आहे. परिषदेला स्वतःच्या पैशाने जा, किंवा वर्ष सोडून जा.

संघटनेकडून काय मिळेल, हे तुम्ही विचारलेत. तुम्ही तिला काय देऊ शकाल, तेही सांगते. मुंबईच्या तज्ज्ञांकडून आलेला कागद पालकांना समजावून सांगताना तुम्ही जी भाषा वापरता, ती मोठ्या केंद्रांकडे नसते. ‘दही-चिंच बंद करण्याची गरज नाही, लसीकरण चुकवू नका, मात्र जिवंत जंतूंची लस विचारल्याशिवाय घेऊ नका, शाळेत खेळू द्या, सकाळच्या प्रार्थनेला उशीर झाला तर शिक्षा करू नका’ अशा चार ओळींचे पत्रक मराठीत लिहा, मुंबईच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि संघटनेकडे द्या. मुलांच्या शिक्षकांसाठी वेगळे, अर्ध्या पानाचे पत्र असले तर फारच उत्तम होईल. नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतच्या बालरोगतज्ज्ञांना ते वापरता येईल.

तुमच्यासारखाच प्रश्न एका नेत्रतज्ज्ञाने, दोन अस्थिरोगतज्ज्ञांनी आणि एका फिजिओथेरपिस्ट भगिनींनीही या सदराकडे पाठवला आहे. त्यांनाही वरचे बहुतेक लागू पडते. संघटनेच्या नियमांत बालरोगतज्ज्ञांखेरीज इतरांसाठी वर्ग आहे का, हे त्यांनी आधी विचारून घ्यावे. तो नसेल तर परिषदेला प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवावे आणि आपल्या भागातील अशा बालरोगतज्ज्ञ सभासदाला गाठून एकत्र काम सुरू करावे. सुजलेल्या गुडघ्याच्या मुलाला प्लास्टर घालण्याआधी फोन करणारा अस्थिरोगतज्ज्ञ आणि या मुलांना रांगेत न थांबवता स्लिट लॅम्पवर घेणारा नेत्रतज्ज्ञ जिल्ह्यात एकेक जरी मिळाला, तरी पुष्कळ फरक पडतो. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी मात्र थांबू नये. अनेक संघटनांत त्यांना सवलतीची वर्गणी असते, आणि प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी ही ओळख झालेली बरी.